तेरा नंबरचा पाना

केनवडच्या थांब्यावर बस लावायची असली की ड्रायव्हर रस्त्याकडं बघत नसे, दामूकाकांकडं बघत असे. खाकी हाफपँट, पांढरी बंडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि दोन्ही हातांत टेबल टेनिसच्या दोन बॅटी, भगव्या ऑइलपेंटनं रंगवलेल्या. बस वळणावर दिसली की काका पानटपरीसमोर छाती काढून उभे राहायचे आणि दोन्ही बॅटी खांद्याच्या वर हलवायला लागायचे, म्हणजे या पुढं. डावी खाली, उजवी हलती, म्हणजे डावीकडं घ्या. मग दोन्ही बॅटी डोक्यावर फुलीसारख्या एकमेकींवर आल्या की बस जागच्या जागी थांबायची, आणि पुढचं चाक काकांनी चुन्यानं मारलेल्या रेघेवर असायचं. एक वीत इकडं नाही की तिकडं नाही.

हे काम त्यांना कोणी दिलं नव्हतं. विमान धावपट्टीवरून आलं की त्याला जागेवर लावायला असाच एक माणूस लागतो, मग बसनं काय पाप केलं, एवढाच त्यांचा विचार. एकदा एक नवा ड्रायव्हर आला. रस्त्यात हा म्हातारा हातवारे करतोय म्हटल्यावर त्याला वाटलं वेडा आहे, आणि त्यानं बस शंभर फूट अलीकडंच उभी केली. वेड्याच्या अंगावर गाडी घालणार नाही म्हणून हटूनच बसला. काका शांतपणे खिडकीशी गेले आणि म्हणाले, "पायलट साहेब, मेरे हाथ देखो. मुंह मत देखो." त्या माणसाला आयुष्यात कोणी पायलट साहेब म्हटलं नसावं. त्यानंतर तो ड्रायव्हर रिसोडहून निघाला की केनवड येईपर्यंत शर्टाचं वरचं बटण लावून घ्यायचा, असं कंडक्टरच सांगायचा.

तर हे आमचे दामूकाका. शेजारी. आमच्या आणि त्यांच्या घरात एक भिंत. वीस वर्षं हवाई दलात विमानाच्या इंजिनावर काम करून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले. गावानं त्या सार्जंटचा सारजन केला आणि काकांनी तो चालवून घेतला, पण कोणी फौजी म्हटलं की भडकायचे. फौजी जमिनीवर असतात म्हणे. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. तेव्हापासून मी भेटेल त्याला त्यांच्या गोष्टी सांगत सुटलोय. बायको म्हणते, श्वास तरी घ्या. काय करणार, एक आठवली की मागून दुसरी ढकलत येते.

भरती कशी झाली, तीच गोष्ट घ्या. काका तेव्हा अठरा वर्षांचे. वडिलांचा चष्मा दुरुस्त करायला अकोल्याला गेले होते. दुकान उघडायला वेळ होता, ऊन मरणाचं, आणि एका मैदानात कडुलिंबाखाली पोरांची लांबलचक रांग. सावली बघून काका रांगेत उभे राहिले. पुढं सरकत सरकत टेबलापर्यंत पोचले तेव्हा कळलं की ही भरती आहे. छाती मोजली, डोळे तपासले, एक बिघडलेलं कुलूप हातात देऊन उघडायला सांगितलं. काकांनी ते उघडलं, खिशातल्या तेलकट फडक्यानं पुसलं आणि वर पुन्हा लावून दाखवलं. चष्मा घरी पोचला तो तीन महिन्यांनी, पोस्टानं, जोडीला गणवेशातला एक फोटो. वडिलांनी दुरुस्त चष्मा डोळ्याला लावून पहिली गोष्ट पाहिली ती हीच.

मग जोधपूर, तेजपूर, पुणे, पुन्हा जोधपूर. लढाईच्या, शौर्याच्या गोष्टी ऐकायला पोरं त्यांच्या ओट्यावर जमायची आणि निराश होऊन जायची. काका लढाईचं काही सांगतच नसत. ते सांगायचे आवाजाचं. थंडीत सकाळी इंजिन कसं खाकरतं, उन्हाळ्यात त्याचा गळा कसा बसतो, बेरिंग जायच्या आधी चार दिवस कशी बारीक कुणकुण करते. लांब दांड्याचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, इंजिनाला टेकवायचा आणि त्याच्या मुठीला कान लावायचा, ही त्यांची तपासणी. गावातली पिठाची गिरणी, विहिरीवरच्या मोटारी, माझी मोटारसायकल, सगळ्यांची अशी नाडी पाहून झाली होती. मी तेव्हा बिड्या ओढायचो. एकदा ओट्यावर खोकत बसलो असताना काकांनी सरळ माझ्या छातीला पेचकस लावला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बेरिंग ठीक हाये मास्तर. फिल्टर भरला." मी त्या आठवड्यात बिडी सोडली. डॉक्टर तीन वर्षं तेच सांगत होता, पण त्यानं ते असं सांगितलं नव्हतं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. तुम्ही म्हणा, गॅस बंद केलाय. म्हणा, टाकी भरली असेल. म्हणा, पोरगं पोचलं असेल. काका लगेच म्हणणार, "अंदाज कायले सांगतं? हात लावून पाह्य." नुसतं बघणं त्यांच्या लेखी बघणं नव्हतंच. नट घट्ट दिसतो म्हणून तो घट्ट नसतो, त्याला बोट लावावं लागतं. त्यामुळं आमच्या गल्लीत कुलूप लावून निघालेला माणूस चार पावलांवरून परत यायचा आणि कुलूप ओढून बघायचा. मी वर्गात फळ्यावर उत्तर लिहिलं की आजही खडू ठेवायच्या आधी त्यावरून बोट फिरवतो. पोरं हसतात.

पण खरी गंमत माझ्या लग्नात झाली. सासर मानोऱ्याचं. वऱ्हाड पोचलं, नवरदेव म्हणजे मी घोड्यावर चढणार, वाजंत्रीवाले तयार, आणि काकांनी हात वर करून सगळं थांबवलं. विमान उडायच्या आधी धावपट्टीवर सगळे जण खांद्याला खांदा लावून रांगेत चालतात आणि दिसेल तो खडा, खिळा, तारेचा तुकडा उचलतात. एक बारीक खडा इंजिनात गेला तर सगळा खेळ खलास. घोड्याच्या नालेत खडा गेला तर नवरदेव खाली, हे काकांचं म्हणणं. तेव्हा आमच्या वऱ्हाडातले ऐंशी जण, त्यात माझे मामा, मावश्या, रेशमी फेटेवाले चुलते, गल्लीच्या या टोकापासून मांडवापर्यंत वाकून खडे वेचत निघाले.

माझे सासरे मांडवाच्या दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभे. त्यांना वाटलं ही केनवडवाल्यांची रीत आहे. मुलीकडच्यांनी मागं राहणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनीही धोतर खोचलं आणि समोरून त्यांची माणसं घेऊन खडे वेचत आले. दोन्ही रांगा मधोमध भेटल्या. सासूबाईंनी वेचलेले खडे परातीत घेतले, त्यांच्यावर हळदकुंकू वाहिलं आणि कोरड्या अक्षता टाकल्या. काका आनंदानं सगळ्यांच्या मुठी तपासत फिरत होते. पुढं वर्षभरानं मेव्हणीच्या लग्नाला गेलो तर मांडवाच्या आधी खडेवेचणी! सासऱ्यांनी ती पत्रिकेतच छापली होती, मुहूर्ताच्या वर. आता त्या घरात खडे वेचल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि का, ते कोणी विचारत नाही.

पोहरादेवीच्या यात्रेत तर त्यांनी एका शेताचं विमानतळ करून टाकलं. आम्ही टेम्पोनं गेलो होतो. गाड्यांची ही गर्दी, कोणी कोणाला निघू देईना. काकांनी पिशवीतून बॅटी काढल्या. दीड तासात सगळ्या जीप, टेम्पो, ट्रॅक्टर ओळीत, तोंडं रस्त्याकडं. बंदोबस्तातला हवालदार आला, थोडा वेळ बघत राहिला आणि मग साहेब कुठल्या खात्याचे म्हणून त्यानं अदबीनं विचारलं. काका म्हणाले, रिटायर्ड. त्यांचं दर्शन मात्र राहूनच गेलं. परत येताना टेम्पोत सगळ्यांच्या कपाळाला कुंकू आणि काकांच्या चेहऱ्यावर त्या सगळ्यांपेक्षा जास्त समाधान.

आता थ्रेशरची गोष्ट. ही मी फारशी सांगत नसे, कारण तिच्यात माझी शोभा आहे.

त्या साली सोयाबीन चांगलं आलं होतं. कापून गंजीसारखी सुडी लावलेली, वर ताडपत्री, आणि आकाश रोज दुपारी काळवंडायचं. भिजलेलं सोयाबीन सुडीतच काळं पडतं, वर्षभराची मेहनत डागी होते. गावातल्या गजूचा भाड्याचा थ्रेशर मिळायला पाच दिवस वाट पाहिली. सहाव्या दिवशी सकाळी गजू काकांना घरून ट्रॅक्टरवर घेऊनच शेतात आला. काकांचा हात फिरल्याशिवाय तो हंगामात मशीन चालवत नसे. काकांनी त्याच्या मशीनची झाकणं उघडली, ड्रममधल्या पात्यांचे नट एकेक करून आवळले, पेचकसाला कान लावून पट्टा ऐकला. तासभर चाललं. मग मातीत बसून त्यांनी हत्यारांची गुंडाळी पसरली.

ही गुंडाळी म्हणजे काकांचं देवघर. जाड कापडाची, तिला अकरा कप्पे, प्रत्येक कप्प्यावर त्या हत्याराचं चित्र रंगवलेलं. कामाला निघण्याआधी मोजायचं, काम झाल्यावर मोजायचं. विमानावर काम करणाऱ्यानं एक हत्यार आत विसरलं तर ते हवेत गेल्यावर कुठल्या तारेत, कुठल्या दांड्यात जाऊन अडकेल सांगता येत नाही. म्हणून हत्यारं पुरी झाल्याशिवाय विमान उडत नाही. मागं कितीही मोठा साहेब उभा असो.

काकांनी मोजलं. पुन्हा मोजलं. तेरा नंबरच्या पान्याचा कप्पा रिकामा होता.

"मशीन चालू होणार नाई," ते म्हणाले.

सुरुवातीला कोणी मनावर घेतलं नाही. गजूनं ड्रमखाली वाकून पाहिलं. मजुरीला आलेल्या बायांनी गवत झटकलं. मग काकांनी सगळी झाकणं परत उघडायला लावली, चाळण्या काढायला लावल्या, आणि आम्हा सगळ्यांना ओळीत उभं करून शेत वेचायला लावलं. तास गेला. दुसरा गेला. पश्चिमेकडून आभाळ असं चढत होतं की बाया काम सोडून त्याच्याकडंच बघायला लागल्या. गजू म्हणाला, काका, आत नाही, मी हात लावून पाहिलं. काका म्हणाले, मग पाना कुठं आहे ते सांग. पाना ड्रममध्ये असला आणि मशीन सुरू झालं तर तो बंदुकीतून सुटल्यासारखा बाहेर येईल आणि समोर बाया आहेत. हे खरं होतं. मला ते कळतही होतं. पण माझं सगळं लक्ष त्या ढगांवर.

मी मुळातच तापट. सुनीता, म्हणजे माझी बायको, डोळ्यांनी खुणावत होती की गप्प बसा. मी गप्प बसलो नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "काका, विमान नाही उडवून राह्यलो आपण. सोयाबीन हाये. तुमच्या घरी वाट पाहणारं कोणी नाई, तुमाले काय घाई? आमच्या घरी हायेत."

काकांच्या बायकोला, कौसल्याकाकूंना, जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला, तो दिवाळीला यायचा. काकांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. गुंडाळी मांडीवर घेऊन ते थ्रेशरच्या चाकाला टेकून बसले, ट्रॅक्टरची चावी मुठीत धरून, एवढंच.

कुठं तरी जायला हवं होतं म्हणून मी मोटारसायकल काढली. काकांच्या घरी पाना राहिला असेल असं मला मुळीच वाटत नव्हतं. काकांच्या हातून हत्यार राहतं हे सूर्य चुकला म्हणण्यासारखं. पण तिथं तोंड दाखवत उभं राहण्यापेक्षा बरं. दाराला कडीच होती. बाहेरच्या खोलीत पाना नव्हता. मधल्या खोलीत मी काकू गेल्यापासून पाऊल ठेवलं नव्हतं.

खिडकीशी काकूंची शिलाई मशीन होती, पायानं चालवायची. अर्ध्या गावाची पोलकी आणि शाळेतल्या निम्म्या पोरांच्या चड्ड्या तिच्यावर शिवल्या गेल्या होत्या. दोन वर्षं बंद पडलेल्या मशीनवर धूळ असते. हिच्यावर नव्हती. तेल दिलेलं, पट्टा ताणलेला, सुईत पांढरा दोरा ओवलेला, बाजूला कापडाचा चौकोनी तुकडा. आणि खाली पायडलजवळ, जमिनीवर, तेरा नंबरचा पाना.

मी तो उचलला, आणि तेव्हा मशीनवरची वही दिसली. लांब, जाड पुठ्ठ्याची, रेघा मारलेली. काकांनी मला एकदा समजावलं होतं की प्रत्येक विमानाचा एक फॉर्म असतो. मेकॅनिक रोज तपासून डावीकडं सही करतो की विमान तयार आहे. मग पायलट येतो, उजवीकडं सही करतो की मी ते ताब्यात घेतलं. त्या दोन सह्यांशिवाय चाक हलत नाही. ही वही तशीच होती. डावीकडं रोजची तारीख, 'तेल दिले', 'पट्टा ठीक', 'सुई बदलली', आणि दा. ग. अशी सही. उजवीकडं दुसरं अक्षर, जरा वाकडं, शिकत शिकत काढलेलं: कौसल्या. पानंच्या पानं. कौसल्या, कौसल्या, कौसल्या. कुठं घाईत काढलेलं, एके ठिकाणी शेजारी छोटंसं फूल. मग एका पानाच्या मध्यावर उजवी बाजू रिकामी झाली. डावी चालूच होती. दोन वर्षांचा एकही दिवस सुटलेला नव्हता. रोज सकाळी एक माणूस ते मशीन तयार करून सही करत होता आणि उजवीकडं कोणी येत नव्हतं.

त्या दिवसाची ओळ अर्धी होती. 'पायडलचा नट ढिला. आवळ' एवढंच. तिथं गजूच्या ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला असणार. हत्यारं मोजून गुंडाळी बांधून झाल्यावर त्यांना तो नट दिसला, त्यांनी एक पाना काढला, आणि हॉर्न ऐकून उठले.

मी तिथं रडलो. उगाच कशाला लपवू. तासाभरापूर्वी जे बोललो होतो ते माझ्या कानात परत परत वाजत होतं.

शेताकडं येताना ठरवलं की काकांची चूक बाहेर येऊ द्यायची नाही. चाळीस वर्षांत ज्याच्या हातून हत्यार राहिलं नाही त्याची सगळ्या गावासमोर मान खाली घालायची नाही. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो की पाना माझ्या मोटारसायकलच्या डिकीत निघाला, काल मीच मागून नेला होता, आणि विसरलो. गजूनं कपाळाला हात लावला. बाया माझ्यावर चिडल्या. मला बरं वाटलं.

काकांनी पाना हातात घेतला. नाकाशी नेला. शिलाई मशीनचं तेल वेगळं असतं, पातळ. त्यांनी तो कप्प्यात सरकवला, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर खोटं बोलून राह्यला. पाना मी घरी इसरलो. चूक माही हाये." मग गजूकडं वळले. "हत्यारं अकरा. चालू कर."

मशीन सुरू झालं. पाऊस आला तेव्हा शेवटची चार पोती ताडपत्रीखाली जात होती. आम्ही सगळे भिजलो, सोयाबीन वाचलं. बाया नाचायच्या बाकी होत्या. गजूनं आनंदानं हॉर्न वाजवला. काका त्या गडबडीत कधी निघून गेले ते कळलंच नाही. गुंडाळी मात्र गजूच्या सीटवर ठेवलेली होती. ज्याचा मोजण्यात एकदा घोळ झाला त्यानं हत्याराला हात लावू नये, असा निरोप सुनीताजवळ ठेवून गेले होते.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर काका नव्हते. तिसऱ्या दिवशी नव्हते. बस यायची, ड्रायव्हर बावरल्यासारखा इकडंतिकडं बघायचा आणि कुठं तरी तिरकी उभी करायचा. आठवडाभरात चुन्याची रेघ पुसत आली. गजू दोनदा गुंडाळी घेऊन गेला, काकांनी दार उघडलं नाही. मुलाचा पुण्याहून फोन आला की बाबांनी स्वतःला ग्राउंड केलंय, म्हणजे काय? मी म्हटलं, नादुरुस्त विमानासारखं जमिनीवर बसवलंय, माझ्यामुळं. आणि गेलो.

ते मधल्या खोलीत मशीनशेजारी स्टुलावर बसले होते. मी शेतात बोललेल्या शब्दांची माफी मागितली. अशी मागितली की माझा मलाच आवाज ओळखू आला नाही.

"तू अंदाजानं बोलला," काका म्हणाले. "मंग इथं येऊन हात लावून पाह्यलं ना? झालं."

मी वहीकडं पाहिलं. हॉर्नच्या दिवसापासून डावी बाजूही रिकामी होती. म्हटलं, मशीन तयार नाही का ठेवत आता? ते म्हणाले की मशीन तयार आहे, पण तयार करणाऱ्यावर आता भरवसा नाही, आणि तसंही ताब्यात घेणारं कोणी नाही. मी काही विचार न करता म्हणालो, "मी घेतो."

"चालवता येते?"

"नाही."

"मंग सही कशाची करतं?"

"शिकवा."

त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. बावन्न वर्षांचा, ढेरी सुटलेला, भूगोल शिकवणारा माणूस. सुनीताला उत्तम शिवता येतं, तिनं दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून तसं सांगितलंही. काका म्हणाले, नाव मास्तरनं दिलं, मास्तरच चालवल.

सकाळी सहाला हजेरी. पहिले चार दिवस नुसतं पायडल, दोरा न लावता, कारण माझा पाय पुढं मारायचा आणि चाक मागं फिरायचं. मग कागदावर सरळ रेघ शिवायची. मग जुन्या धोतरावर. माझी शिवण वळत वळत कापडाबाहेर जायची, दोरा गुंतायचा, एकदा सुई नखात गेली. काका पट्टीनं मोजायचे आणि 'उद्या' म्हणायचे. गल्लीत बातमी पसरली. माझे विद्यार्थी खिडकीखालून कान लावून आवाज ऐकायचे आणि शाळेत मला टेलर सर म्हणायला लागले. पण आठव्या दिवशी डावीकडं सही परत सुरू झाली होती, आणि दहाव्या दिवशी पायडलचा नट पुन्हा वाजायला लागल्यावर काकांनी मला गजूकडं गुंडाळी आणायला पाठवलं. मी पळत गेलो. अक्षरशः पळत.

विसाव्या दिवशी मी एक पिशवी शिवली. चार बाजू, दोन बंद. काकांनी ती उलटी केली, प्रत्येक शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहिली, कोपऱ्यात बोट घातलं. वही माझ्यापुढं सरकवली, पेन दिलं आणि त्या दिवसाच्या ओळीवर उजवीकडं बोट ठेवलं. मी सही केली. माझं अक्षर शाळेत सगळ्यात चांगलं समजलं जातं, त्या दिवशी ते काकूंच्या अक्षरासारखं वाकडं आलं.

काकांनी वही मिटली नाही. शाई वाळेपर्यंत बघत बसले. मग चष्मा काढून बंडीच्या टोकानं पुसला आणि विचारलं, "च्या मांडता येते का रे तुले?"

येतो की, मी म्हटलं.

"तिची सही झाली की आमी दोघं च्या घेत होतो. जोधपूरपासून. ती गेल्यावर सकायचा च्या मी घेतलाच नाई. सही झाल्याबिगर कसा घ्याव?"

मी स्वयंपाकघरात गेलो. चहाचं पातेलं खिळ्याला टांगलेलं होतं. डबे काकूंनी लावले तसेच फळीवर होते. साखरेचा डबा उघडला तर आतली साखर दगड झालेली. चमच्याच्या टोकानं ती फोडली, आणि दोन कप पाणी ठेवलं.